खाडीवरून आलेलं पोतं

शनिवार, १९ एप्रिल २०२५. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. चारशे बारा.

आकडा अमीनसाहेबांनी दोनदा मोजून पक्का केला होता. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या सोप्यात ओलं गोणपाट उलगडलेलं होतं आणि त्यावर रत्नागिरीजवळच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पसरल्या होत्या. लिंबाएवढ्या, जाड कवचाच्या, करड्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, आणि दातखीळ बसल्यासारख्या मिटलेल्या. भरली आठ किलो दोनशे ग्रॅम. सकाळी खाडीतून निघालेलं हे पोतं आंबा घाट चढून एसटीच्या पार्सलातून आलं होतं आणि घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती, एखादा अनोळखी पाहुणा दारात येऊन बसावा, तशी उभी होती.

"ह्यात मटण कुठं आसतंय?" शेजारच्या दूध डेअरीचा पिराजी वाकून म्हणाला. "मिस्त्री, हे तर समदं हाडच हाय की."

"आत असतं. जिवंत आहे." अमीनसाहेबांनी एक तिसरी दुसरीवर हलकेच आपटली. टक् असा आवाज आला. किंचित फट पडलेली एक तिसरी त्या धक्क्यानं आक्रसून मिटली, तशी पिराजीनं मागं उडी घेतली आणि अमीनसाहेबांच्या बायकोला, नजीराला, हसू आवरेना.

"अवं, उद्याच्या जेवणात म्हसराएवढा माणूस शिंपलीला भ्यालेला सांगू का पावण्यांना?" ती म्हणाली.

उद्या रविवारी दुपारी एक वाजता भाटकर मंडळी येणार होती. त्यांच्या नातीला, शिफाला, भाटकरांचा मुजम्मिल पसंत होता, मुजम्मिलला शिफा. फोनवरचं सगळं बोलून झालं होतं. आता थोरांनी समोरासमोर बसून होकार द्यायचा आणि मंगनीची तारीख धरायची, एवढंच उरलं होतं. आणि त्याच्या बावीस तास आधी मुलाच्या आईनं, रुकय्याबीनं, हे पोतं पुढं धाडलं होतं. त्यांच्या गावची रीतच तशी होती. सोयरिकीच्या बोलण्याला निघायच्या आधी आपल्या खाडीतलं काहीतरी जिवंत, मुलीच्या घरी पोचवायचं.

रीत चांगली होती. अडचण एवढीच होती की दोन्ही घरांचे मसलक, म्हणजे धर्मातले पंथ, वेगळे. अमीनसाहेबांचं घर हनफी आणि भाटकरांचं शाफई. देशावरच्या या घरात मासळी चालत होती, शिंपल्यातलं चालत नव्हतं. किनाऱ्यावरच्या त्या घरात समुद्रातलं सगळंच चालत होतं. इतकी वर्षं हा फरक मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकायचा विषय होता. आज तो गोणपाटावर चारशे बाराच्या संख्येनं येऊन पडला होता.

"माझं ऐकून घ्या," आक्का म्हणाली, आणि सोप्यातला गलबला एकदम बसला.

आक्का ही अमीनसाहेबांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, राहणार उचगाव, आवाज मात्र थेट तालमीतला. आई गेली तेव्हा अमीनसाहेब नऊ वर्षांचे होते. त्यांना न्हाऊ घालण्यापासून टेक्निकल शाळेत डब्बा पोचवण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं होतं. तिच्या होकारावाचून या घरात आजवर एकही लग्न ठरलं नव्हतं.

"उद्या पावणं येतील, मटण शिजंल, बात हुईल. पोरगा चांगला हाय, माझी ना न्हाय. पण हे शिंपलं आपल्या चुलीवर चढलं, न्हायतर आपल्या दस्तरख्वानावर आलं, तर मी उठून उचगावला जाईन. माझ्याबिगर हो म्हणायचं आसंल तर म्हणा की!"

"आक्का, त्यांनी मायेनं धाडलंय," नजीरा म्हणाली.

"माया?" शाहबाज पुढं झाला. अमीनसाहेबांचा हा एकुलता एक मुलगा आणि शिफाचा बाप. पोत्याच्या तोंडाला बांधलेली चिठ्ठी मघाशी त्यानंच काढली होती आणि तेव्हापासून त्याचा चेहरा तापलेला होता. "अम्मी, चिठ्ठीची पहिली ओळ ऐका. 'शिफाच्या अंगात रक्त कमी हाय असं कळलं, म्हणून खास निवडून पाठवलंय, ह्यात लोह भरपूर.' ही माया? पोरगी आशक्त हाय, आम्ही पोसून घेतो, आसं तोंडावर सांगितल्यागत झालं. आणि ह्यांना कळलं कुठनं?"

बोलताना त्याची नजर बायकोवर गेली. मुबशिरानं पदर सावरला.

"माझ्याकडं काय बघतासा? मी कुणाला कशाला सांगू?"

"मग तिचा रिपोर्ट काय चिमणीनं न्हेला रत्नागिरीला?"

"शाहबाज, चिठ्ठी दे इकडे. पूर्ण वाचू या," अमीनसाहेब म्हणाले.

पण शाहबाजनं चिठ्ठीचा बोळा करून खिशात कोंबला होता आणि चपला घालून तो मटणवाल्याला सांगावा द्यायला निघालाही होता. राग आला की त्याला कुठंतरी जायचं असे, ही त्याची लहानपणची खोड.

अमीनसाहेबांनी हिशेब मांडला. घर दोन बाजूंना वाटलं गेलं होतं. एका बाजूला आक्का आणि शाहबाज, दुसऱ्या बाजूला नजीरा. मुबशिरा संशयानं दुखावलेली, म्हणून कुठंच नाही. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती शिफा पॅथॉलॉजी लॅबमध्ये ड्यूटीवर होती आणि पाच वाजता यायची होती. उद्योगनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती. काम अडलं की जे माप आज घेता येतं ते घ्यावं, उद्याचं उद्या.

"शिजवायचं की नाही ते उद्या बघू," ते नजीराला म्हणाले. "पण पाहुणीनं जिवंत धाडलेलं तिच्या हाती जिवंत दिसलं पाहिजे. मेलेली तिसरी विषासारखी असते. ती फेकायचीच. एवढं पोतं आपल्या दारात मेलं, तर आक्का हो म्हणो की नाही म्हणो, बोलण्यासारखं काही उरणार नाही."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. यांना हवा लागते, म्हणून प्लास्टिकमध्ये कोंडायचं नाही. ओलावा लागतो, म्हणून गोणपाट भिजवून पिळून वर टाकायचं. उन्हात ठेवायचं नाही आणि पाण्यात तर मुळीच नाही. नजीरा आणि मुबशिरानं मान डोलावली. पिराजीनंही डोलावली. आक्का त्या वेळी आत जोहरच्या, दुपारच्या नमाजाला उभी होती.

अमीनसाहेब थर्मामीटर आणायला उद्योगनगरात जुन्या वर्कशॉपवर गेले.

*

ते परतले तेव्हा चार वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. सोप्यात गोणपाट रिकामं होतं.

"नजीरा!"

नजीरा आतून धावत आली, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. "काय झालं?"

"तिसऱ्या कुठायत?"

दोघंही मागच्या परसात गेले. हौदाशेजारी, कडुनिंबाच्या सावलीत, लग्नकार्यातलं मोठं जर्मनचं पातेलं नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. शेजारी पाटावर आक्का बसली होती. हातात तांब्या होता आणि ती वरून धार सोडत होती.

"बिचाऱ्या तोंड उघडून बसलेल्या," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं आल्यात. तहान लागली आसंल. दीड तास झाला, आता जरा गार झाल्यात बघ."

जिला ही वस्तू आपल्या उंबऱ्याच्या आत नको होती, तिनंच गुडघे दुखत असताना हौदाच्या सात खेपा करून तिला पाणी पाजलं होतं.

"आक्का, हे खाऱ्या पाण्यातलं जनावर आहे. गोड्या पाण्यात मरतं."

"म्हंजे? पाण्यातलंच जनावर पाण्यात कसं मरतंय?"

"गोडं पाणी आत शिरलं की ते फुगतं. मिटून बसलेल्या तगतात थोडा वेळ. उघडलेल्या गेल्या."

आक्काच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. "मी मारल्या म्हण की," ती म्हणाली.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्या परसात जी धावपळ उडाली, ती उरुसाच्या दिवशीही उडत नसेल. मुबशिरानं पातेलं तिरकं केलं, नजीरानं तिसऱ्या चाळणीत घेतल्या, अमीनसाहेबांनी दोन मोठ्या कल्हईच्या परातींसाठी हाक दिली. उथळ पाण्यात हवा जास्त मिळते, खोल पातेल्यात नाही. मीठ हवं होतं, खडेमीठ, आणि ते योग्य प्रमाणात. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर उलटा मार.

"किती घालायचं?" मुबशिरानं मिठाची बरणी छातीशी धरून विचारलं. "चिमटीनं सांगा, का मुठीनं?"

"लिटरला तीस ग्रॅम. पण खडेमीठ ओलसर असतं, वजनावर भरवसा नाही. पाणीच मापलं पाहिजे." आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "पिराजी! ए पिराजी! तुझी दुधाची नळी आण!"

भिंतीपलीकडून पिराजीचं डोकं वर आलं. "लॅक्टोमीटर? कुणाचं दूध मापतासा ह्या वक्ताला?"

"समुद्राचं!"

काचेची नळी आली. दुधात पाणी घातलंय का हे पाहायला पिराजी ती रोज सकाळी कासंडीत सोडायचा. चांगल्या दुधात ती अठ्ठावीस-तीसच्या आसपास उभी राहते, साध्या पाण्यात शून्यावर बुडते. समुद्राचं पाणी दुधापेक्षा थोडं हलकं, खाडीचं आणखी थोडं. अमीनसाहेबांनी मनात आकडा धरला, बावीस. मुबशिरा मूठमूठ मीठ सोडत होती, नजीरा हातानं ढवळत होती, पिराजी गुडघ्यावर बसून नळी वाचत होता.

"आट... धा... तेरा... आजून सोड वहिनी, आजून... सतरा... हळू, हळू! ईस... एकईस... थांबा! बावीस!"

"बावीस!" सगळे एकदम ओरडले, जणू पोरगी जिल्ह्यात पहिली आली होती.

"जन्मभर पाणी घातलेलं पकडलं," पिराजी घाम पुसत म्हणाला. "मीठ घातलेलं आज पयल्यांदा पास केलं."

तिसऱ्या परातीत उतरल्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग एका तिसरीच्या फटीतून पांढुरकी जीभ बाहेर आली आणि वाळूचा बारीक फवारा उडाला, थेट पिराजीच्या सदऱ्यावर. मग दुसरी, मग चार, मग सगळी परातच बारीक बारीक चुळा भरायला लागली. मुबशिरा टाळ्या पिटत होती. आक्काही पाटावरून उठून येऊन वाकली होती.

"थुकायल्यात की," ती हळूच म्हणाली.

याच वेळी शिफा आली. बॅग खांद्यावरच ठेवून तिनं परात बघितली, आजोबांचा थर्मामीटर बघितला, आणि ओंजळीत एक तिसरी घेतली. मागोमाग शाहबाजही आला आणि दारातच थबकला.

"हे काय चाललंय?"

"तुझ्या पोरीच्या सासरचं पाणी भरतोय आम्ही," नजीरा म्हणाली. "तू रागाला येऊन गेलास, तवर हिकडं जीव जायची येळ आली."

"अब्बा, चिठ्ठीत काय होतं?" शिफानं विचारलं. "मुजम्मिल म्हणाला अम्मीनं सगळं लिहून दिलंय, कसं ठेवायचं ते."

शाहबाजनं खिशात हात घातला. बोळा उलगडला. पहिल्या ओळीखाली आणखी सहा ओळी होत्या आणि त्या त्यानं वाचल्याच नव्हत्या. आता तो वाचू लागला, तसा त्याचा आवाज खाली खाली जाऊ लागला. "गोणपाट ओलं ठेवा. गोड्या पाण्यात घालू नका, मरतात. डबा बंद करू नका. तुमच्यात चालत नसेल हे मला ठाऊक हाय, म्हणून शिजवायचं मी बघीन. तुम्ही फक्त एक दिवस सांभाळा."

परातीत एक चूळ उडाली.

"आणि रक्त कमी असल्याचं मीच सांगितलं मुजम्मिलला," शिफा म्हणाली. "मम्मीनं नाही. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन. मीच मापलं, मीच सांगितलं. लग्नानंतर लपवत बसू काय?"

मुबशिरानं नवऱ्याकडं बघितलं. बघण्यातच सगळं होतं. शाहबाज बायकोसमोर उभा राहून मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणाला, आणि हे शब्द त्याच्या तोंडून एवढे स्पष्ट निघालेले अमीनसाहेबांनाही नवे होते.

"ह्यात लोह आसतंय म्हणं," आक्का मध्येच म्हणाली. "मग कलेजीत न्हाय व्हय? बकऱ्याची कलेजी खा म्हणावं की पोरीला."

"कलेजीत भरपूर असतं, आक्का," शिफा म्हणाली. "ह्यातही असतं. लोह असतं, बी-बारा तर खूपच. चरबी मात्र नावापुरती. ताकद पुष्कळ, तूप कमी, असं समज."

"तूप कमी? मग ते कोल्हापुरात चालायचं न्हाय," आक्का म्हणाली, आणि घर पहिल्यांदा एकत्र हसलं.

दोन तासांनी वाळू थुंकून झाल्यावर अमीनसाहेबांनी एकेक तिसरी उचलून दुसरीवर टकटकवली. जी मिटली ती जिवंत. जी उघडी राहिली ती बाजूला. सत्तावीस गेल्या होत्या. मग राहिलेल्या पाण्याबाहेर काढून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, कारण तेच पाणी रात्रभर तुंबलं तर उरल्यासुरल्याही गुदमरल्या असत्या. घरच्या फ्रीजला आक्काची हरकत होती, म्हणून गुंडाळी पिराजीच्या दुधाच्या गार खोलीत गेली. बर्फापासून लांब, दाराजवळ, आठ अंशावर.

"माझ्या म्हशी ऐकतील तर काय म्हणतील," पिराजी पुटपुटला. पण झोपायच्या आधी तो दोनदा थर्मामीटर वाचून आला, आणि अमीनसाहेबांना भिंतीवरून आकडा सांगून गेला.

*

रविवारी दुपारी एकला पाच मिनिटं असताना गाडी दारात लागली. भाटकर सात जण होते. मुलाचे वडील हसनमियाँ, रुकय्याबी, मुजम्मिल आणि चार नातलग. सलाम झाले, सरबत झालं, हवापाणी झालं. सोप्यातून आत स्वयंपाकघरापर्यंत तांबड्या रश्श्याचा वास दाटला होता. शाहबाजनं आतल्या मोठ्या खोलीत दोन दस्तरख्वान, जेवायला बसायची कापडं, अंथरले होते, मधे हातभर फट ठेवून. एक आपला, एक पाहुण्यांचा. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून त्यानं फार विचार करून ही व्यवस्था केली होती.

रुकय्याबी उंच, सावळ्या, डोळ्यांवर चष्मा. त्यांची नजर घरभर फिरली आणि शेवटी त्यांनी हसत विचारलं, "आणि माझी पोरं कुठायत? जगली काय?"

अमीनसाहेबांनी गुंडाळी समोर ठेवली. रुकय्याबींनी गोणपाट सोडलं, एक तिसरी उचलून कानाशी हलवली, नाकाशी धरली आणि मान डोलावली. मग ढीग चाचपला.

"कमी झाली हायत."

"तीनशे शहात्तर जिवंत आहेत," अमीनसाहेब म्हणाले. "सत्तावीस काल गेल्या, नऊ आज सकाळी. चूक माझी. मी घराबाहेर—"

"न्हाय, माझी," मुबशिरा म्हणाली. "मी बघायला पायजे हुतं."

"चिठ्ठी मी खिशात घातली, दोष माझा," शाहबाज म्हणाला.

"गप बसा समदी!" आक्काचा आवाज घुमला. ती खांबाला धरून उठली आणि पाहुणीच्या समोर येऊन उभी राहिली. "बाई, मी पाणी घातलं. तहानल्यात म्हणून. कुणी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. छत्तीस जीव माझ्या डोक्यावर. आता तुमचं काय म्हणणं आसंल ते मला म्हणा. पोरीला म्हणू नका."

सोयरिकीच्या बैठकीत आक्कानं कुणापुढं असं उभं राहणं अमीनसाहेबांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रुकय्याबींनी चष्मा वर केला. "पाणी घातला? तहानली म्हणून?" आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो आक्का, चाळीस वर्षं झाली. माझ्या सासूनं पहिल्या दिवशी मला शेळी राखायला दिली. मी खाडीवरची. शेळीला मी मासळी खायला घातली, उपाशी दिसली म्हणून! सासू तीन दिवस बोलली नाय. माया करणाऱ्याला कुणी काय बोलायचा?"

आक्का हसली नाही. पण तिनं खांब सोडला.

"तुमच्यात ह्या चालत नाय, मला ठाऊक हाय," रुकय्याबी पुढं म्हणाल्या. "म्हणून माझा टोप मी घेऊन आलेय. कालथा पण. तुमच्या भांड्याला हात लावणार नाय. चूल मात्र द्या, परसात दिली तरी चालेल. आणि शिफाला खा म्हणून आमच्या घरात कुणी सांगणार नाय. तिच्या ताटात काय, ते तिनं ठरवायचा. आज नाय, कधी पण."

परसातल्या शेगडीभोवती माणसं गोळा झाली. नजीरानं भक्तिभावानं विचारलं, "कुकरला किती शिट्ट्या? मटणाला आम्ही पाच करतो."

"पाच?" रुकय्याबींनी कानांना हात लावले. "चपलेचा तळ खायचा हाय काय? पाणी नाय, कुकर नाय. मोठा जाळ, वर झाकण, आणि घड्याळ. बाकी सगळा ह्यांच्या पोटात."

घड्याळ अमीनसाहेबांनी धरलं. रुकय्याबींनी तिसऱ्या तीनदा चोळून धुतल्या, कोरड्या टोपात ओतल्या, झाकण ठेवलं. एक मिनिट. दोन. आतून टकटक ऐकू यायला लागलं, पत्र्यावर गारा पडल्यासारखं. पिराजी कान लावून बसला होता. "बोलायल्यात, बोलायल्यात!" चार मिनिटं. पाच. सहा मिनिटांनी झाकण उचललं आणि वाफेबरोबर खाडीचा वास थेट मंगळवार पेठेत पसरला. जवळजवळ सगळ्या तिसऱ्या हात जोडून उघडल्यासारख्या उघडल्या होत्या. पाच मिटलेल्या राहिल्या, त्या रुकय्याबींनी लांब टाकल्या. टोपात सुटलेलं पांढरं पाणी त्यांनी फडक्यातून गाळून बाजूला ठेवलं.

"हा रस्सा, ह्याचा थेंब सांडायचा नाय. ताकद ह्यात उतरते."

कांदा लाल झाला, वाटलेलं खोबरं पडलं, हळद पडली. मग रुकय्याबी थांबल्या, पिशवी उलटीपालटी केली. "मसाल्याची पुडी गाडीत राहिली काय? अरे मुजम्मिल—"

"घरीच विसरली, अम्मी," मुजम्मिल म्हणाला. "ओट्यावर."

नजीरानं आक्काकडं बघितलं, आक्कानं कुणाकडंच बघितलं नाही. ती आत गेली. अमीनसाहेबांना वाटलं, झालं, आता पिशवी भरून ती उचगावची वाट धरणार. स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज झाला. मग आक्का बाहेर आली ती चिनी मातीची बरणी दोन्ही हातांत धरून. चार दिवसांपूर्वीच डंकावर कुटून तिनं उचगावाहून बरोबर आणलेली कांदा-लसणीची चटणी. ती बरणी ती स्वतःच्या सुनांनाही उघडू देत नसे.

"दोन चमचे घाला," ती म्हणाली. "आडीच न्हाय. तिखट हाय."

"तुमच्या घरची, आमच्या टोपात?" रुकय्याबींनी विचारलं.

"मी खाणार न्हाय," आक्का म्हणाली. "माझा मसलक माझ्याजवळ. पण माझ्या दारात येऊन पावण्यानं आळणी खाल्लं, आसं उचगावात कोण म्हणायला नको."

चटणी पडली. उघडलेल्या तिसऱ्या परत टोपात गेल्या, रस्सा ओतला, शेवटी दोन आमसुलं पडली आणि सगळं तांबडं झालं. वास बदलला. खाडी होतीच, पण तिच्यात आता लसूण होती, तीळ होता, उन्हात वाळलेली मिरची होती. पिराजीनं डोळे मिटले. "मिस्त्री," तो म्हणाला, "मला वाढा. मला कुठलाच मसलक आडवत न्हाय."

जेवणाची हाक झाली. माणसं आत आली आणि हातभर फट पाहून दारातच अडखळली. कुठं बसायचं, कुणी कुणीकडं जायचं, ते पुढं होईनात. मुजम्मिल एका पायावर उभा होता. शिफा दाराच्या चौकटीला टेकून आक्काकडं बघत होती. शाहबाजचं तोंड उतरलं. त्याची सगळी काळजी त्या फटीत येऊन पडली होती.

आक्का सगळ्यांच्या मागून, काठी टेकत पुढं आली. तिनं दोन्ही दस्तरख्वान बघितले.

"शाहबाज, हे दुसरं उचल की रं. कापड हाय का सरहद्द?"

"आक्का, तुम्हीच म्हणाला हुता, शिंपलं—"

"म्हणालो हुतो. काल म्हणालो हुतो." ती खाली वाकली आणि स्वतःच एका कापडाचं टोक धरून ओढायला लागली. "त्यांचा टोप त्यांच्यापुढं, आपलं पातेलं आपल्यापुढं. खाणारा खाईल. न खाणारा बघून घेईल. बसा."

फट बुजली. एका टोकाला पुरुष बसले, दुसऱ्या टोकाला बायका. मधे तिसऱ्यांचा टोप आणि पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची पातेली शेजारी शेजारी वाफाळत होती. आक्का रुकय्याबींच्या डाव्या हाताला बसली. तिनं शिफाच्या ताटात स्वतःच्या हातानं कलेजीचे चार तुकडे वाढले, "हिला हे," म्हणाली, आणि मग हसनमियाँकडं वळून, कुणी विचारायची वाट न बघता, मोठ्यानं म्हणाली, "बात पक्की. तारीख तुम्ही सांगा. पावसाळ्यात नको, घाट बंद आसतोय. न्हायतर शिंपलं यायचं कसं?"

हशा उसळला तो थांबेना. अमीनसाहेबांनी बिस्मिल्ला म्हणायच्या आधी, सवयीनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवून मोजलं.

एका दस्तरख्वानावर जेवायला बसलेली माणसं : चौदा.